मागच्या बाकावरची

३ ऑक्टोबर, ओमारू

सिस्टर इग्नेशिअस शाळेत सांगायची की दैनंदिनीत खोटं लिहिणाऱ्या मुलीला दोनदा पाप लागतं, एकदा देवाचं आणि एकदा कागदाचं. तेव्हा सुरुवातीलाच खरं ते लिहिते. मला हा प्रवास नको होता.

सत्तरी ओलांडलेल्या नवरा-बायकोनं शाळेच्या एका म्हाताऱ्या बसमध्ये चूल, पलंग आणि संडास मांडावा आणि न्यूझीलंडच्या अख्ख्या दक्षिण बेटाला प्रदक्षिणा घालावी, ही कल्पना मर्डोची. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला स्वतःहून एकही कल्पना सुचली नव्हती. सुचली ती ही. बस दक्षिणेकडच्या कुणा ओळखीच्यांकडून आणली. कोण ओळखीचे, तर म्हणे, “चांगली माणसं आहेत.” समोरच्या काचेवर ‘उशिरा का होईना’ असं नाव रंगवलेलं आहे. या बसवाल्या लोकांना बसचं बारसं केल्याशिवाय चैन पडत नाही.

“हे कुणी रंगवलं?”

“नायोनं. बस तिची होती.”

“मग तिनं का विकली?”

“वारली ती,” मर्डो म्हणाला आणि इंजिन चालू केलं. या बसचं इंजिन चालू असलं की पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

मी नगरपालिकेची आरोग्य निरीक्षक होते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलं की आचारी देवाचं नाव घेत. त्या नजरेनं बस पाहिली. चुलीचं धुराडं काजळीनं भरलेलं. शाळेच्या वेळचा एक बाक मागच्या खिडकीशी तसाच ठेवलेला, कशासाठी ते देव जाणे. मुलांवर नजर ठेवायला ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो तो लांबट आरसाही जागेवर. थांबा हवा असला की मुलं ओढायची ती घंटेची दोरीसुद्धा. आणि सगळीकडे लोकरीचा वास. मर्डो आयुष्यभर लोकरीची प्रतवारी करत होता, पण ते काम सोडून दहा वर्षं झाली. तो वास त्याचा नाही.

७ ऑक्टोबर, कैकोरा

बसवाल्यांच्या तळावर शेजारच्या बसमधली एक बाई बिस्किटं घेऊन आली आणि आल्याआल्या नातवंडं किती, असं विचारलं. या वयाच्या बायकांना दुसरा प्रश्न येत नाही.

मी म्हटलं, “यांना विचारा.”

मर्डो हसून म्हणाला, “आम्हाला मूल नाही. माझ्यामुळे.”

नेहमी असंच म्हणतो, मीठ दे म्हणावं तितक्या सहज. त्याला त्याचं काही वाटत नाही याचाच मला राग येतो. मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, ख्राइस्टचर्चला जाऊन, लाज गिळून. डॉक्टर म्हणाले, आता नवऱ्याला पाठवा. नवरा गेला नाही. समजावलं, रडले, अबोला धरला. गेला नाही. म्हणायचा, “दोष माझाच आहे, मला माहीत आहे, कशाला तपासायचं?” त्याच्या आईसमोर, माझ्या बहिणीसमोर, नाताळच्या जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे हेच. मी त्याला कधी टोचून बोलले नाही. वर्षातून एकदोनदा बोलले असेन.

९ ऑक्टोबर

घंटा वाजते.

खड्डा नसतो, वळण नसतं, तरी वाजते. आज समुद्राकाठी सील प्राण्यांचे कळप पडून असतात तिथे टिंग झालं आणि मर्डोनं मुकाट्यानं बस बाजूला घेतली. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. मर्डो समुद्राकडे पाहत नव्हता. डोक्यावरच्या आरशात पाहत होता.

“घंटा कुणी वाजवली?”

“तार सैल झालीय. दमट हवा.”

“मग थांबलास कशाला?”

“घंटा वाजली म्हणून.”



१२ ऑक्टोबर, नेल्सनजवळ

चादरी धुतल्या. गादीच्या शिवणीत एक लांब केस सापडला. तांबूस, मुळाशी पांढरा. गेल्या आठवड्यात गादी झटकली होती तेव्हाही सापडला होता. मरणोत्तर केस गळणारी बाई मी पहिल्यांदाच पाहते आहे.

गादीला डावीकडे खळगा आहे. मी उजवीकडे झोपते तरी सकाळी उठते ती त्या खळग्यात, कुणाच्या तरी अंगाच्या मापात.

मर्डो मात्र चांगलाच खुलला आहे. घरी याला डबा कुठला आणि झाकण कुठलं कळत नाही. इथे न पाहता हात घालतो आणि चहाची पेटी काढतो. वरच्या फळीची खिटी आधी दाबायची आणि मग ओढायची, हे मला चार दिवसांनी जमलं. त्याला पहिल्या दिवशीच येत होतं.

१३ ऑक्टोबर

शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. ते लिहिताना काही वाटलं नव्हतं.

१८ ऑक्टोबर, पश्चिम किनारा

पाऊस, चावणारी चिलटं, आणि नदीकाठी मासे धरायला ठोकलेल्या प्रत्येक फळीवर बूट घातलेला एकेक म्हातारा. व्हाइटबेटचा हंगाम आहे. काडीएवढे पारदर्शक मासे, मूठभर धरायचे, अंड्यात घालून तळायचे आणि वर्षभर त्याच्याच गप्पा मारायच्या. मर्डो दर वसंतात, याच दिवसांत, दोन आठवडे इकडे यायचा. मी कधी आले नाही. नदीत उभं राहून जाळं धरणाऱ्या पुरुषांत मला काय काम? परत यायचा तेव्हा पेलाभर मासे असायचे. त्याहून वाईट मासेमार अख्ख्या न्यूझीलंडमध्ये नसेल, असं मी लोकांना सांगायचे. लोक हसायचे. तोही हसायचा.

आज आरशात पाहिलं.

दुपार होती, लख्ख उजेड, पाऊस थांबलेला. मर्डो बस चालवत होता, मी त्याच्या मागे उभी राहून सफरचंद कापत होते. सहज वर पाहिलं. मागच्या बाकावर एक बाई बसली होती. गुडघे वर घेतलेले, कपाळ खिडकीला टेकवलेलं, लांब प्रवासात माणसं बसतात तशी. मी मागे वळले. बाक रिकामा. पुन्हा आरशात पाहिलं, तरीही रिकामा.

सफरचंद संपवलं. मग नेल्सनच्या चर्चमधून आणलेल्या बाटलीतलं पवित्र पाणी बाकावर, पलंगावर आणि थोडं मर्डोवर शिंपडलं.

“हे काय, इन्स्पेक्टरबाई?”

“जंतुनाशक.”

२४ ऑक्टोबर, हास्टच्या नदीवर

आता सगळं कळलं.

नदीवर डर्मट नावाचा एक म्हातारा आहे, दात तीनच, पण तोंड अखंड चालू. बस पाहताच टोपी काढली. मला वाटलं, माझ्यासाठी. टोपी बससाठी काढली होती.

“आलीस का गं म्हातारे,” असं बसच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला. मग मर्डोला मिठी मारली. मर्डोला कुणी मिठी मारलेली मी कधी पाहिली नव्हती. आमच्या लग्नातसुद्धा लोकांनी त्याच्याशी हात मिळवला होता.

संध्याकाळी मर्डोनं डाव्या हातात तवा धरून मासे तळायला घेतले. डर्मट पाहत होता. म्हणाला, “हुबेहूब नायो. तवासुद्धा तसाच, डाव्या हाताने. दोघं शेजारी उभी राहिली की आम्हाला इकडून तिकडून एकच माणूस दिसायचं. आणि भांडणं तरी किती, पीठ किती घालायचं यावरून. वर्षातून दोनच आठवडे भेटायचे आणि त्यातला एक भांडण्यात.”

मर्डो म्हणाला, “डर्मट, पुरे.”

“का? वहिनींना माहीत नाही?” डर्मटनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड मिटलं. नदीवर असं पहिल्यांदाच घडलं असणार.

दर वसंतात दोन आठवडे, आणि पेलाभर मासे. आणि मी म्हणत होते, याला मासे धरता येत नाहीत.

२५ ऑक्टोबर

मर्डो नदीवर गेल्यावर बस झडती घ्यावी तशी पालथी घातली. तीसेक वर्षं उंदरांची लेंडी शोधली, एक बाई शोधणं काय अवघड?

बाकाखाली सरपण तोडायचे कातडी हातमोजे सापडले. उजव्या मोज्याची करंगळी कापून आखूड केलेली आणि आतल्या बाजूला वळवून शिवलेली. मर्डोच्या उजव्या हाताची करंगळी जन्मापासून तशीच आहे, अर्धी आणि आत वळलेली. त्याच्या आईची होती, आजोबांची होती. माझी सासू अभिमानानं म्हणायची, ही आमच्या घराण्याची खूण. म्हणजे हा इथे नुसता भेटायला येत नव्हता. इथे राहत होता, सरपण फोडत होता, संसार करत होता.

तो आल्यावर मोजा त्याच्या पुढ्यात टाकला. “घाल.”

“कार्मेल...”

“घाल म्हणते ना.”

त्यानं घालायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर अडकला. बाईच्या मापाचा मोजा आहे. “हात सुजलेत पाण्यात,” असं काहीतरी पुटपुटला आणि मोजा काढून छातीच्या खिशात ठेवला. परत दिला नाही.

तिनं प्रेमानं त्याच्यासाठी शिवला आणि माप चुकवलं. शिवणकामात कच्ची होती म्हणायची.

२ नोव्हेंबर, वानाका

आज सर्व मृतांचा दिवस. प्रार्थनेला गेले. मर्डो प्रेस्बिटेरियन. लग्नाआधी पाद्र्यांनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं की मुलं कॅथलिक वाढवीन. त्या वचनावर त्याला काही खर्च आला नाही. तो कधी आमच्या चर्चमध्ये येत नाही. आज आला. शेवटच्या रांगेत बसला आणि सगळे गेल्यावर पुढे जाऊन मेणबत्ती लावायला लागला. काडी दोनदा विझली, वात पेटेना. मी जाऊन पेटवून दिली. ती कुणासाठी आहे हे मला ठाऊक होतं, तरी पेटवली. लाज नाही मला.

तिच्या आत्म्यासाठी एक प्रार्थना म्हटली. एकच. तीही दात ओठ खाऊन.

बसमध्ये परतलो तर चुलीजवळ संत्र्याच्या सालीचा वास. आम्ही संत्री आणलेली नाहीत.

९ नोव्हेंबर, ते आनाऊ

विचारलं.

“किती वर्षं?”

“तीसएक.”

“माझ्याशी लग्न झालेलं असताना.”

“ओळख तेव्हा झाली,” तो म्हणाला. “कार्मेल, रिव्हर्टनच्या पुढे तिची माणसं आहेत. सोळा तारखेला त्यांनी जेवायला बोलावलंय. तोपर्यंत थांब. तिथे सगळं सांगतो. मला इथे सांगता येत नाही.”

“का? इथे कोण ऐकतंय?”

यावर त्यानं आरशात पाहिलं. माझ्याकडे नाही, आरशात.

ठरवलं. सोळा तारखेला त्या लोकांना तोंड दाखवीन, कारण माझ्यावर संस्कार आहेत. सतराला सकाळी रिव्हर्टनहून निघणारी प्रवासी गाडी पकडून घरी जाईन, कुलपं बदलीन. मर्डोला सांगितलं. तो म्हणाला, “ठीक आहे.” भांडलासुद्धा नाही. या माणसाशी भांडायला मिळालं असतं तर मी एवढी वर्षं एवढी तोंडाळ झाले नसते.

११ नोव्हेंबर

खरं लिहायचं तर मला तिची भीती वाटत नाही. वाटायला हवी होती.

आज पावसात दिवसभर आत अडकलो. मर्डो पलंगावर झोपला होता. मी मुद्दाम त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि विणायला घेतलं. माझ्या शेजारी बाक जरा खचला. मी म्हटलं, “सरकून बस, जागा माझीसुद्धा आहे.” ऊब आली. घरात कुणी नुसतं असलं की येते तशी. मी चार ओळी जास्त विणल्या.

नवऱ्याच्या मेलेल्या बाईशेजारी बसून विणत होते. सिस्टर इग्नेशिअसनं मला कुठल्या पापात घातलं असतं, सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर, रिव्हर्टन

उद्याचं जेवण, मग परवा सकाळी गाडी. पिशवी भरून ठेवली. मर्डोनं पूर्ण दिवस बस धुतली, आतून, बाहेरून, चाकांच्या खाचांतून. लग्न असल्यासारखी. मग दाढी करताना गाल कापला.

१६ नोव्हेंबर

हे सगळं आजच लिहून ठेवते. उद्या मी ते शहाणपणानं लिहीन, आणि ते खोटं होईल.

सकाळी मर्डो म्हणाला, “काळे कपडे घाल.”

“जेवायला?”

“घाल ना.”

इस्त्रीचा तोच एक झगा होता म्हणून घातला.

समुद्राकाठी टेकडी, खाली त्यांचं सभागृह, बाहेर साठसत्तर माणसं, सगळी काळ्यात. मला वाटलं, हे कसलं जेवण. मर्डोनं बस थांबवली, दार उघडलं, उतरला, आणि दाराशी बाजूला सरकून उभा राहिला. मी उतरले. तरी तो तसाच. माझ्यामागून कुणीतरी उतरायचं असल्यासारखा, हात जरा पुढे करून. मग दार न लावता चालू लागला.

तेवढ्यात सभागृहाच्या ओट्यावरून एका बाईनं हाक घातली. या माओरी लोकांच्या दारात पाहुण्यांना अशी हाक असते, मला माहीत आहे, सरकारी कार्यक्रमांत ऐकली आहे. पण ही वेगळी होती. ती आम्हाला उद्देशून नव्हती. आमच्याबरोबर जी आली होती तिला होती. मी, आयुष्यात कुणाच्या मागे न चाललेली, मर्डोची बाही धरून चालले.

टेकडीवर दफनभूमी. नव्या शिळेवर पिसांची एक शाल पांघरलेली. तेव्हा कळलं. माणूस गेल्यावर वर्षभरानं शिळा उघडतात, ते हे. डर्मटही आला होता, कोट उसना आणलेला. शिळेपाशी काठी टेकून एक ठेंगणी म्हातारी उभी होती, पंच्याऐंशीच्या घरातली. मर्डो कानात म्हणाला, “विकी. नायोची आई, वाढवलं हिनं.” म्हातारीनं गर्दीवरून नजर फिरवली.

“चला. बाप कुठाय? शाल बापानं काढायची.”

मर्डो पुढे झाला.

मी मूर्ख बाई नाही. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की याला ऐकू कमी येतं, चुकून पुढे गेला, आता लोकांत हसं होणार. मी त्याला मागे ओढायला हातसुद्धा उचलला. मग त्यानं शालीचं टोक धरायला उजवा हात पुढे केला, आणि मला ती आत वळलेली करंगळी दिसली, आणि हातमोजा आठवला, बाईच्या मापाचा.

मी मोठ्यानं म्हणाले, “तिचा होता तो.”

सगळे वळले. विकी माझ्याकडे पाहत राहिली, मग मर्डोकडे. “हिला सांगितलं नाहीस तू?”

मर्डोनं शालीची पिसं नीट केली.

“अरे, तुझ्यापेक्षा शिंपला बरा. उकळलं की निदान तोंड उघडतो.” मग मला म्हणाली, “ये इकडे. मी सांगते, हा उद्यापर्यंत सांगायचा नाही. हा वीस वर्षांचा होता. कत्तलखान्याच्या उपाहारगृहातली एक मुलगी. तिच्या आईनं तिला उत्तरेला पाठवलं आणि मूल माझ्या ओटीत टाकलं. तू तेव्हा याच्या आयुष्यात नव्हतीस. नायोनं मोठी झाल्यावर याला शोधला. उशिरा का होईना. राग आलाय?”

“हो.”

“मग बोल. इथून मनात ठेवून कुणी घरी जायचं नाही. पण त्याला नको, तो घरी सापडेल. तिला बोल. ती अजून ऐकतेय. शाल निघाली की सुटली.”

साठसत्तर अनोळखी माणसं, वारा, आणि शाल पांघरलेला एक दगड. मी तपासणीला उभी राहते तशी उभी राहिले.

“नायो,” मी म्हटलं, “तुझ्या चुलीचं धुराडं मी साफ केलं. किती वर्षं केलं नव्हतंस, लाज वाटायला हवी. तुझे केस अजून निघतात. तुझ्या गादीच्या खड्ड्यानं माझी कंबर गेली. मी तुझ्यासाठी एकच प्रार्थना म्हटली, तीसुद्धा चिडून, कारण मला वाटलं, तू... मला वाटलं ते वाटलं. तू एकदा माझ्याकडे का आली नाहीस? मी काय खाल्लं असतं तुला?”

मागून डर्मट म्हणाला, “खाल्लं असतं, वहिनी.” लोक हसले. दफनभूमीत हसले. विकीसुद्धा.

“तिला यायचं होतं,” विकी म्हणाली. “दरवर्षी विचारायची. हाच नको म्हणायचा. आणि बेटाची पुरी फेरी मारायची होती तिला. पण सुट्टी मिळाली की जायची ती नदीवर, याला भेटायला. फेरी राहून गेली. म्हणून मी याला म्हटलं, तूच फिरवून आण आता आणि इथे उतरव. दीड महिना मागे बसली असेल ना गप्प?”

“गप्प कुठली,” मी म्हटलं. “सारखी घंटा वाजवत होती.”

“तेच. बस मंत्र म्हणून शुद्ध केली होती आम्ही. तूही पाणी शिंपडलंस म्हणे. ऐकते का ती. चल, धर दुसरं टोक.”

“मी? मी तिची कोण?”

“एवढं रागवायला आई तरी लागते नाहीतर सासू. सासू तू नाहीस.”

मी टोक धरलं. पिसं गरम होती, उन्हानं असतील. आम्ही दोघांनी शाल उचलली. अवजड नव्हती, तरी मर्डोला पेलवेना. शेवटी बराचसा भार मीच घेतला.

खाली उतरताना फाटकाशी पाण्याचं भांडं असतं. मेलेल्यांकडून जिवंतांत परतताना हात धुवायचे. मर्डोनं माझ्या हातावर पाणी घातलं. माझ्या हातांकडे पाहतच म्हणाला, “तू सगळ्या तपासण्या केल्यास. डॉक्टरांनी मला पाठवायला सांगितलं. मी गेलो असतो तर त्यांनी तुला सांगितलं असतं की माझ्यात काही दोष नाही.”

मी हात चोळत राहिले.

“मग राहिलं कोण?” तो म्हणाला. “आणि नायोला एकदा पाहिलं असतंस, तरी तेच कळलं असतं. तिची करंगळी दाराबाहेरूनसुद्धा दिसायची.”

पाणी संपलं तरी तो भांडं तिरपं धरून उभा होता. मला त्याच्या आईचं जेवणाचं टेबल दिसत होतं. माझी बहीण म्हणायची, “बिचारी कार्मेल, पदरात काय पडलं.” तो बटाट्यांचा वाडगा पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, माझ्यामुळे. आणि त्याची खरीखुरी मुलगी तेव्हा पावसात नदीवर त्याची वाट पाहत असायची, कारण तिला घरी आणलं असतं तर माझी मान खाली गेली असती. त्यानं मान ठेवली. माझी मान ठेवायला त्यानं मुलगी बाहेर ठेवली.

मी त्याला सांगितलं, “हे मी माफ करणार नाही.”

“माहीत आहे,” मर्डो म्हणाला.

मग आम्ही जेवायला गेलो. खारवलेले समुद्रपक्षी, शिंपले, केक. घरच्या माणसांच्या टेबलावर माझी खुर्ची होती.

१७ नोव्हेंबर

गाडी गेली. रिव्हर्टनपर्यंत सोडतो म्हणून डर्मट सकाळी दाराशी आला होता. त्याला म्हटलं, चहा घे आणि जा.

मर्डो सभागृहात भांडी पुसायला गेला आहे. मी एकटी बसमध्ये.

एकटी. काल रात्रीपासून ती इथे नाही. मला कळतं ना. गादी नुसती गादी आहे. लोकरीचा वास नाही. बाकावर तासभर बसले, विणकाम घेऊन, मुद्दाम तिच्या बाजूला जागा सोडून. ऊब नाही, काही नाही. पाहिजे तेवढी शांतता. दीड महिना मी हीच मागत होते, पाणी शिंपडून मागत होते.

मी संतापले आहे. हा काय न्याय झाला? परकी होती तेव्हा माझ्या कुशीत येऊन झोपत होती. काल सकाळी कळलं ती कोण, आणि काल दुपारी माझ्याच हातानं तिला मोकळं करवून घेतलं. मला विचारायचं राहिलं होतं. पीठ किती घालायचं, यात खरं कोणाचं होतं. संत्री आवडायची का. माझ्यासारखं कुणी घरात असतं तर तिला चाललं असतं का.

विकी म्हणते, ती गेली, बाई, आता परत यायची नाही, तेच तर करायचं असतं. तिचं बरोबर असेल. तिच्या लोकांचे नियम तिला माहीत.

आत्ता मर्डो आला, हात ओले. विचारत होता की जेवून निघायचं का, कॅटलिन्सच्या वाटेनं संध्याकाळपर्यंत घराकडचं बरंच अंतर कापू. मी म्हटलं, आज नाही. उद्याही बहुतेक नाही.

“का?”

“बस इथेच राहू दे. ती आली आणि बस जागेवर नसली, तर शोधणार कुठे?”

त्यानं किल्ली काढून खिशात ठेवली.